गणपतीपर्यंत नाही, दिवाळीनंतर: दोन लाखांत तळघरातलं होम थिएटर

प्रश्न: आमचा बंगला साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. खाली तळघर आहे, १८ बाय १२ फूट, उंची साडेआठ फूट. दरीकडची बाजू निम्मी जमिनीच्या वर असल्याने तिकडे दोन लहान खिडक्या आहेत. डोंगराकडची १८ फुटी भिंत काळ्या दगडाची, आतून गिलावा केलेली. पावसाळ्यात तिला ओल येते, लोणा लागतो, पोपडे पडतात. दिवाळीपर्यंत ती वाळते. जिन्याकडचा एक कोपरा मात्र बारमाही ओला असतो. त्याच्यामागे पाण्याची जमिनीतली टाकी आहे. इथे होम थिएटर करायचं आहे, सगळं धरून दोन लाखांत. एका कंत्राटदाराने पीओपीचं फॉल्स सीलिंग, भिंतींना फोम आणि खाली चिकटवायचं कार्पेट असे एक लाख चाळीस हजार सांगितले आहेत. ऑनलाइन ‘९००० ल्युमेन, फोर-के सपोर्ट’ असा प्रोजेक्टर चौदा हजारांत दिसतोय. इन्व्हर्टरची बॅटरी सध्या तळघरातच आहे. एक टनाचा एसी काढून ठेवलेला आहे. वरच्या खोलीत आई-वडील झोपतात. गणपतीपर्यंत काम व्हावं अशी मुलांची इच्छा आहे. जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर: गणपतीपर्यंत जमणार नाही, आणि जमवूही नका. गणपती ऐन पावसाळ्यात येतात. तुमची भिंत त्या दिवसांत पाणी सोडत असेल आणि तुम्ही तिच्यावर फोम चिकटवत असाल. कंत्राटदाराच्या यादीतल्या तिन्ही वस्तू, म्हणजे पीओपी, फोम आणि कार्पेट, ओल धरणाऱ्या आहेत. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीला कुबट वास येईल आणि तिसऱ्यात सगळं उपटून फेकावं लागेल. त्याला नम्रपणे नको म्हणा.

क्रम असा ठेवा: पाऊस सुरू होण्याआधी बाहेरचा निचरा आणि टाकी. पावसाळाभर फक्त निरीक्षण. ऑक्टोबरात भिंत आणि वायरिंग, गिलावा वाळला की दिवाळीनंतर रंग. प्रोजेक्टर आणि स्पीकर बसवायचे सगळ्यात शेवटी, खरेदी मात्र दिवाळीच्या सुमारास. तेव्हा सवलतीही बऱ्या असतात.

आधी पाणी

तुमच्याकडे ओलीची दोन वेगळी कारणं दिसतात. त्यांचं औषधही वेगळं आहे.

बारमाही ओल्या कोपऱ्याचा संशय टाकीवर. खात्री करायला पैसे लागत नाहीत. टाकी पूर्ण भरा, येणारं पाणी बंद करा, पंप बंद ठेवा, पाण्याच्या पातळीला खडूने किंवा पेन्सिलने खूण करा, झाकण लावा आणि २४ तासांनी बघा. बंद टाकीतून एका दिवसात वाफ होऊन जाणारं पाणी नगण्य असतं, म्हणजे पातळी उतरली तर टाकी गळतेय. मग दुरुस्ती टाकीच्या आतून करायची, तळघराच्या बाजूने नाही. टाकी रिकामी करून, घासून, कोपऱ्यांना गोलाई देऊन, पिण्याच्या पाण्याला चालणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग दोन हात द्यायचं. पाणी ज्या बाजूने दाबतं त्या बाजूने दिलेला थर भिंतीवर दाबला जातो. उलट्या बाजूने दिलेला थर पाणी ढकलून काढतं.

डोंगराकडच्या भिंतीला नेमका हाच त्रास आहे. पाणी मातीतून उतरत येऊन दगडांच्या दरजांतून आत झिरपतं आणि बाहेरून भिंत उघडी करणं दोन लाखांत बसत नाही. म्हणून पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधीच वळवायचं. घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून, भिंतीला समांतर एक चर खणा: रुंदी एक फूट, खोली अडीच ते तीन फूट, उतार दर शंभर फुटांना एक फूट. आत जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर २० मिलिमीटरची खडी, त्यात भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप (भोकं खालच्या बाजूला), पुन्हा खडी, आणि कापड वरून दुमडून माती. पाइपाचं तोंड घराच्या खालच्या अंगाला मोकळं सोडा. कापड टाळलं तर दोन पावसाळ्यांत गाळाने खडी बुजते आणि चर नुसता नावाला उरतो. आणि भिंतीला चिकटून खोल खणू नका, पायाची माती सुटते.

भिंत आणि चर यांच्यामधल्या पट्टीवर कोबा करा, उतार भिंतीपासून दूर, फुटाला पाऊण इंच तरी. छताच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर तो पाइप लांबवून गटारात सोडा. पुष्कळ तळघरांची अर्धी ओल एवढ्यानेच कमी होते. त्यामुळे आतल्या रसायनांवर खर्च करण्याआधी हे.

मग जून ते सप्टेंबर बघत बसा. दीडशे-दोनशे मायक्रॉनच्या प्लॅस्टिकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि ४८ तासांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर ते दव आहे: बाहेरची दमट हवा गार भिंतीवर येऊन पाणी होतेय. दोन्हीकडे असणंही शक्य आहे. हा फरक महत्त्वाचा, कारण दवावर कितीही वॉटरप्रूफिंग फासलं तरी उपयोग शून्य. चारशे-पाचशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा आकडा लिहून काढा.

ऑक्टोबरात भिंत वाळली की गवंडी बोलवा. ओलीच्या रेषेच्या वर किमान एक फुटापर्यंतचा गिलावा दगडापर्यंत उतरवायचा. लोणा धरलेला जुना गिलावा ठेवून त्यावर काहीही लावलं तरी क्षार ते सुटवून टाकतात. दरजा इंचभर कोरून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायच्या, मग वॉटरप्रूफिंगचं द्रावण घातलेला गिलावा (५० किलोच्या पोत्याला साधारण २०० मिली, डब्यावरचं प्रमाण बघा), आठवडाभर पाणी मारायचं, आणि शेवटी सिमेंटयुक्त कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. रंग लावण्याआधी गिलावा महिनाभर वाळू द्या. इथेच सगळे घाई करतात, आणि फुगलेल्या रंगाचं खापर रंगाच्या कंपनीवर फुटतं.

या सगळ्यानंतरही ती भिंत दगडाची आणि डोंगराला टेकलेलीच राहणार. म्हणून पुढची सगळी रचना ‘ही भिंत थोडी दमट राहील’ असं धरून सांगतो. या भिंतीत खिळा, स्क्रू, ड्रिल काही नाही. प्रत्येक भोक म्हणजे कोटिंगला पाडलेली वाट. या बाजूचे स्पीकर स्टँडवर, पॅनेल पायांवर उभी, आणि वायरिंग समोरच्या भिंतीतून.

हवा, बॅटरी आणि वीज

इन्व्हर्टरची बॅटरी आधी वर न्या. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. दार-खिडक्या बंद करून तीन तास बसायच्या खोलीत ती नकोच. गॅसचं रिकामं-भरलेलं सिलिंडर जिन्याखाली ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली उतरून तळघरात साठतो.

पावसाळ्यात एक्झॉस्ट फॅन सतत चालवल्याने तळघर वाळतं हा गैरसमज आहे. फॅन जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच दमट हवा आत ओढतो आणि गार भिंतीवर आणखी दव धरतं. सहा-आठ माणसं बसलेली असताना ताज्या हवेसाठी मंद फॅन हवाच, पण खोली रिकामी असताना पावसाळ्यात खिडक्या बंद आणि एसी ‘ड्राय’ मोडवर रोज तास-दोन तास. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशी धरत नाही, आणि स्पीकरचे कागदी कोन व प्रोजेक्टरच्या काचाही सुरक्षित राहतात. तुमचा एक टनी एसी या खोलीला पुरे, कारण ऊन येतच नाही. तो दरीकडच्या भिंतीवर, छताजवळ लावा. तिथे बाहेरची जमीन खाली असल्याने एसीचं पाणी उताराने आपसूक जाईल. पूर्ण जमिनीखालच्या तळघरात हेच पाणी उचलायला वेगळा पंप लागतो. तुमचा तो खर्च वाचला.

वायरमनला स्पष्ट सांगायच्या गोष्टी: तळघराला वेगळा वितरण बोर्ड, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होऊन शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच). एसीला स्वतंत्र एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर, सॉकेटना २.५, दिव्यांना १.५. सगळे सॉकेट जमिनीपासून दोन फूट वर, कारण कधीतरी पाणी येईल. प्रोजेक्टर, रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) एकाच सर्किटवर एकाच अर्थिंगला, नाहीतर स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा गुणगुणाट येतो आणि तो शोधण्यात रविवार जातात. गुणगुणाट आलाच तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा, बहुतेकदा तीच असते. स्पीकरच्या वायरी आणि विजेच्या वायरी एका पाइपातून नेऊ नका. रिसीव्हरच्या जागेपासून प्रोजेक्टरपर्यंत २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप टाका आणि त्यात एक नायलॉनची दोरी ओवून ठेवा. पाच वर्षांनी नवी केबल ओढताना ती दोरी आठवेल.

चित्र

आता तो चौदा हजारांचा प्रोजेक्टर. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे त्याला फोर-के चित्र दिलं तर तो नाकारत नाही, एवढंच. दाखवतो स्वतःच्या पॅनेलच्या रिझोल्युशनमध्ये, आणि ते पुष्कळदा १२८० बाय ७२० असतं. वर्णनात ‘नेटिव्ह’ हा शब्द शोधा, त्यापुढे १९२० बाय १०८० हवं. ९००० हा आकडाही तसाच. तुलना करायची ती फक्त ‘एएनएसआय’ ल्युमेनची, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या उजेडाची, आणि ते छापलेलं नसेल तर पुढे वाचू नका.

गंमत अशी, की तुम्हाला प्रखर प्रोजेक्टर लागतच नाही. १०० इंची पडदा म्हणजे ८७ बाय ४९ इंच, सुमारे ३० चौरस फूट. फिल्मच्या काळातल्या सिनेमागृहाची प्रमाणित उजळता १६ फूट-लँबर्ट, म्हणजे पडद्याच्या दर चौरस फुटाला १६ ल्युमेन, धरली तर पडद्यावर ४८० ल्युमेन पोचायला हवेत. रंग अचूक असलेल्या मोडमध्ये प्रकाश घटतो, दिवा जुना होतो, म्हणून दुप्पट धरा. तरी खरे हजार एएनएसआय ल्युमेन पुरेसे झाले. दिवाणखान्यात उजेडाशी झगडण्यासाठी लोक साडेतीन हजार ल्युमेनचे पैसे मोजतात. तळघराचा अंधार तुम्हाला फुकट मिळालाय. म्हणून ल्युमेनवर नको, नेटिव्ह रिझोल्युशन आणि काळ्या रंगाच्या खोलीवर पैसे घाला. सुमारे पन्नास हजारांत बरा १०८०पी प्रोजेक्टर मिळतो. बंद इंजिनचा (आतला प्रकाशाचा भाग सीलबंद असलेला) एलईडी घेतलात तर दिवा बदलायची आणि आत धूळ शिरून चित्रावर डाग पडायची कटकट नाही. दिव्याचा घेतलात तर ६०० व्हीएचा संगणकाचा साधा यूपीएस सोबत घ्या. वीज जाऊन पंखा थांबला की तापलेला दिवा आतल्या आत भाजतो. यूपीएस त्याला थंड व्हायला पाच मिनिटं देतो. जुना घेत असाल तर दुकानात पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं चित्र लावून बघा: डीएलपी प्रकारच्या प्रोजेक्टरवर सुटे पांढरे ठिपके, एलसीडी प्रकारच्यावर पिवळट ढग दिसले तर सोडून द्या.

खोलीत दिवे लावून बातम्या आणि क्रिकेट बघणं हाच मुख्य उद्योग असेल तर मात्र प्रोजेक्टर विसरा, ६५ इंची टीव्ही घ्या.

पडदा जिन्याच्या समोरच्या १२ फुटी भिंतीवर घ्या, टाकीच्या कोपऱ्यापासून लांब. सोफ्यावर बसणाऱ्याचे कान पडद्यापासून साडेअकरा फुटांवर यावेत. १०० इंचाला दहा ते साडेतेरा फूट हे अंतर चांगलं, आणि मागे साडेसहा फूट मोकळे राहतात. तिथे खुर्च्यांची दुसरी रांग आणि तिच्यासाठी चौथरा करायचा मोह होईल. साडेआठ फुटी उंचीत प्रोजेक्टर मागे असेल तर चौथऱ्यावरच्या माणसाचं डोकं त्याच्या झोतात येतं. मुलं पुढे गादीवर लोळतील, तीच दुसरी रांग.

प्रोजेक्टर टांगायच्या आधी छताचा पंखा काढा. हे सांगावं लागतं, कारण झोताच्या वाटेत पाती आल्याचं पुष्कळांना पहिल्या सिनेमाच्या वेळीच कळतं. भिंतीवरचा पंखा लावा. पडद्यापासून प्रोजेक्टरचं अंतर त्याच्या थ्रो रेशोने, म्हणजे ते चित्राच्या रुंदीच्या किती पट हवं त्या आकड्याने ठरतं: रेशो १.५ असेल तर ८७ गुणिले १.५, म्हणजे सुमारे १० फूट ११ इंच. छताला उलटा टांगला की चित्र लेन्सच्या रेषेखाली किती उतरतं हे मॉडेलगणिक बदलतं. म्हणून छताला भोक पाडण्याआधी शिडीवर ठेवून चित्र पडद्यावर बसवून बघा आणि मगच खूण करा. ‘कीस्टोन’ बटणाने तिरकं चित्र सरळ होतं खरं, पण तीक्ष्णपणा जातो; यंत्रच सरळ टांगायचं.

दहा मीटरची साधी तांब्याची एचडीएमआय केबल फोर-के एचडीआरला दगा देते. चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही, आणि माणूस प्रोजेक्टर बदलायला धावतो. पाच मीटरच्या पुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. पाइपात ओढण्याआधी दोन्ही टोकं जोडून तासभर चालवून बघा. उलटी ओढलेली केबल पुन्हा उपसताना वायरमन जे बोलतो ते इथे छापता येणार नाही.

पडदा घरी करा, चार हजारांत होतो. पडद्यांच्या दुकानात अस्तरासाठी पांढरं ब्लॅकआउट कापड मिळतं. त्याचा पन्हा साधारण ५४ इंच असतो आणि तुमच्या चित्राची उंची ४९, म्हणजे वर-खाली अडीच-अडीच इंच दुमडीला उरतात, जोड द्यावा लागत नाही. लांबी अडीच मीटर घ्या. घडीचं कापड घेऊ नका, घडीच्या रेघा जात नाहीत. ताग्यावरून थेट नळीवर गुंडाळून आणा. सुताराकडून ८७ बाय ४९ ची चौकट करून घ्या, मध्ये एक उभी पट्टी हवीच, नाहीतर ताणाने लांब बाजू आत वाकतात. चौकट गुण्यात आहे का ते दोन्ही कर्ण मोजून बघा, सारखे आले पाहिजेत. कापड मारताना स्टेपलर आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे. कोपऱ्यातून सुरुवात केली की मधे झोळ पडतो. भोवती तीन इंची पट्टीला काळं मखमल: झोताची उसवलेली कड ते गिळून टाकतं आणि चित्र एकदम कापून काढल्यासारखं दिसतं. चौकटीची खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर ठेवा.

पडद्याची भिंत आणि त्यालगतचं सहा फूट छत गडद मॅट रंगाचं करा, कोळशाचा करडा किंवा गर्द निळा. पांढरं छत पडद्याचा उजेड पुन्हा पडद्यावरच टाकतं आणि सिनेमातली रात्र धुरकट दिसते. चमक असलेला रंग अजिबात नको.

आवाज

इथे मात्र हात आखडू नका. चित्र थोडं कमी-जास्त डोळा सोसतो, पण संवाद कळला नाही की माणूस सारखा रिमोट शोधतो.

दोन लाखांत सगळं एकदम बसत नाही, म्हणून ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) रिसीव्हर घ्या पण सुरुवात ३.१ ने करा: डावा, उजवा, मधला आणि सबवूफर. संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात, तो सगळ्यात चांगला घ्या आणि शक्यतो डाव्या-उजव्याच्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला. मागचे दोन वर्षभराने घेतलेत तरी चालेल. त्यांच्या वायरी मात्र आत्ताच टाका. जागा: सोफ्याच्या किंचित मागे, समोरच्या दिशेपासून ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा फूट-दीड फूट उंच.

स्पीकरला १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची दुहेरी वायर पुरते, सुमारे ३५ मीटर लागेल. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तांब्याच्या नावाने विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी पांढरी दिसली तर परत करा. अधिक-उणे जोडताना एकाच स्पीकरची चूक झाली तरी खर्ज नाहीसा होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. शंका आली तर पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या वायरीला क्षणभर टेकवा: सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला लागलं की वूफर पुढे सरकतो.

सबवूफरची जागा ठरवायची पद्धत जरा विचित्र दिसते, पण तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ठेक्याचं गाणं लावा आणि भिंतीलगत जमिनीवर रांगत जा. जिथे खर्ज सपाट, आखीव ऐकू येईल तिथे सबवूफर. तुमच्या खोलीत लांबीमुळे सुमारे ३१ हर्ट्झला, रुंदीमुळे ४७ ला आणि उंचीमुळे ६६ ला आवाज घुमणार, कारण सिमेंट आणि दगड खर्ज शोषत नाहीत. म्हणून सोफा खोलीच्या बरोब्बर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका: मध्यावर ३१ हर्ट्झ गायब होतो, भिंतीशी नको इतका फुगतो. साडेअकरा फुटांचं अंतर सांगितलं त्यामागे हेही कारण आहे. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा. रिसीव्हरसोबत आलेला मापनाचा मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, तिवईवर, पंखा-एसी बंद करून.

आता फोम. कंत्राटदाराचा काळा शंकूवाला फोम इंचभर जाडीचा असतो. तो फक्त वरचे सूर खातो, खर्ज तसाच ठेवतो, आणि खोली दबलेली नि घुमणारी अशी दोन्ही होते. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. एकच जिना असलेल्या तळघरात भिंतीभर तो लावणं हा वेडेपणा आहे. अंड्यांच्या ट्रेचंही तेच, आणि त्या तर आवाज अडवतही नाहीत.

त्याऐवजी ५० मिलिमीटर जाडीचे, ४८ घनतेचे (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचे चार बाय दोन फुटी स्लॅब घ्या, बारा नग. दोन्ही लांब भिंतींशी दोन-दोन, मागच्या भिंतीशी आणि पडद्याकडच्या दोन कोपऱ्यांत दुहेरी जाडीची दोन-दोन पॅनेल. एक बाय तीन इंची पट्ट्यांच्या लाकडी चौकटीत (दुहेरी पॅनेलला पट्टी त्याहून रुंद) बसवून वरून गडद रंगवलेलं मांजरपाट ताणायचं. कापडाला तोंड लावून फुंका, हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन किंवा दाट कापड असेल तर आवाज आपटून परत येतो. काम करताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाजूच्या पॅनेलची नेमकी जागा आरशाने शोधा: तुम्ही सोफ्यावर बसा, मुलाला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, आरशात स्पीकर दिसला ती जागा. भिंत आणि पॅनेल यांत दोन इंच फट सोडा. फटीमुळे पॅनेल अधिक खालचे सूर शोषतं आणि दगडी भिंतीला हवाही लागते. जमिनीवर चिकटवलेलं कार्पेट नको, दोन जाड सतरंज्या टाका. वर्षातून चार वेळा गच्चीवर ऊन दाखवता येतं.

हे सगळं खोलीतला आवाज सुधारतं, वर जाणारा आवाज थांबवत नाही. आई-वडिलांच्या झोपेसाठी दोन गोष्टी करा. जिन्याच्या तोंडाला भरीव फ्लश डोअर, चौकटीला चहूबाजूंनी रबरी पट्टी आणि खाली आपोआप टेकणारी सील. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवा. सबवूफरखाली जाड रबरी मॅट. खर्ज स्लॅबमधून थोडा वर जाणारच. रिसीव्हरमध्ये मोठे आवाज दाबणारा ‘नाइट मोड’ असतो, दहानंतर तो लावायचा. फॉल्स सीलिंगने हा खर्ज थांबत नाही, उंची मात्र सहा इंचांनी जाते आणि वरचा एखादा पाइप गळायला लागला तर पत्ता लागत नाही.

पैशांची ढोबळ वाटणी: चर, कोबा, टाकी आणि भिंत ४० हजार. वायरिंग १५. दार, रंग, भिंतीवरचा पंखा आणि एसी बसवणं १६. प्रोजेक्टर ५०, पडदा ४, रिसीव्हर-स्पीकर-सबवूफर ५५, पॅनेल ११. बेरीज १ लाख ९१ हजार, उरलेल्या नऊ हजारांत केबल, यूपीएस आणि काहीतरी राहिलेलं. भाव गावागणिक हलतील. टाकी गळत नसेल तर वाचलेले पैसे मागच्या स्पीकरांना; भिंत अपेक्षेपेक्षा वाईट निघाली तर प्रोजेक्टर पुढे ढकला, भिंत नको. बीम, कॉलम किंवा डोंगराकडच्या भिंतीला कुणी हात लावायला सुचवलं तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा, आणि तळघर मंजूर नकाशात कोणत्या वापरासाठी आहे तेही बघून घ्या.

आणखी एक. स्लॅब आणि दगडी भिंतींमुळे वरच्या राउटरचं वायफाय तळघरात लंगडतं, आणि सिनेमा ऐन वेळी गोल गोल फिरत राहतो. वायरिंगसाठी भिंत उघडी असतानाच राउटरपासून एक कॅट-६ केबल खाली ओढून घ्या, शंभर-दीडशे रुपयांचे दोन सॉकेट लावा. स्वस्त प्रोजेक्टरमधली ॲप बऱ्याचदा अधिकृत नसतात, बंद पडतात. वेगळी स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स रिसीव्हरला जोडा, प्रोजेक्टरला नाही.